चुन्याच्या जागी सिमेंट

मी एक जुनी चिमणी आहे. चिवचिवणारी नव्हे हं मित्रांनो, धूर सोडणारी! इंग्लंडात, सफोकमधल्या एका लाल विटांच्या हवेलीवर मी चारशे वर्षं उभी होते. समोरच्याच शेतातली माती खणून माझ्या विटा भाजल्या. गवंड्यांनी मला दोरखंडासारखा पीळ दिला आणि सांधे चुन्यानं भरले. लोक माना वर करकरून बघायचे. मीही काही कमी तोऱ्यात नव्हते!

माझ्या पोटाशी, माळ्यावरच्या खोलीत, स्वयंपाकीण डॉर्कसबाई राहायची. खाली चूल पेटली की तिची भिंत उबदार व्हायची. दुखरे गुडघे माझ्या विटांना टेकून ती बसायची. फार जीव होता माझा तिच्यावर.

पुढे मालकांच्या, म्हणजे मेजर लाँगमोरांच्या मुलीचं लग्न ठरलं. माझे सांधे तेव्हा झिजले होते.

"मेजरसाहेब, चुनाच भरू," म्हातारा गवंडी एझ्रा म्हणाला. "उन्हाळाभर लागेल, पण..."

"उन्हाळाभर? पाहुण्यांना काय परांची दाखवू? सिमेंट थाप आणि मोकळा हो!"

एझ्रानं मुकाट्यानं सिमेंट थापलं. लग्नात सगळे म्हणाले, "वा, अगदी नवी दिसते!" मी हुरळले. पण चुन्यातून ओल सुकून जायची, आता सिमेंटमुळे ती आतच कोंडली. थंडीत तिचा बर्फ झाला आणि माझ्या विटा फुटू लागल्या. तीन हिवाळ्यांत मी कलले.

एझ्रा धापा टाकत माळ्यावर आला. "डॉर्कस, ऐक माझं, खाली राहायला जा. ही बया कधी कोसळेल नेम नाही."

"चल, काहीतरीच! खालच्या गारठ्यात माझे गुडघे धरतात. तुझ्यापेक्षा धडधाकट आहे ती!"

अगं बाई, ऐक ना त्याचं! पण मला कुठली वाचा? मला फक्त ऊब देता येत होती, आणि त्या उबेनंच तिला तिथं धरून ठेवलं.

जानेवारीतल्या एका दुपारी सोसाट्याचा वारा सुटला. भांडी आवरून डॉर्कसबाई घटकाभर आडवी झाली होती. मी खूप सावरलं स्वतःला, नाही जमलं. छपरासकट मी तिच्या अंगावर पडले.

एझ्रानं रडत रडत विटा उपसल्या. गवंडीकामाची थापी तिथंच टाकून तो निघून गेला, तो पुन्हा आला नाही. "वाऱ्यानं घात केला," मेजरसाहेब मात्र सगळ्यांना सांगत सुटले.

आता माझा नुसता बुडखा उरलाय. माळ्यावर नवं छप्पर आलंय, आता बुडख्यावर नवी चिमणी चढणार आहे. काल गोण्या उतरल्या, त्याही सिमेंटच्याच. मित्रांनो, जुन्या वास्तूला घाईघाईनं नटवू नका. गवंडी थांबा म्हणाला तर थांबा हो! आज नवी स्वयंपाकीण आली. पेटी खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, "माळ्यावरची ती उबदार खोली मला मिळेल ना?"