कोंडाबाईच्या वाटची खडी

मित्रांनो, मला कुणी कधी हार घातला नाही आणि मी त्याची वाटही पाहिली नाही. मी खडी फोडायचा एक जुना हातोडा आहे. डोकं चपटं झालंय, दांडा तिसरा आहे, पण आठवणी शाबूत आहेत.

माझा जन्म उदगीरच्या पाशामियाँच्या भट्टीत झाला. मालट्रकच्या मोडक्या आसाचा तुकडा त्यांनी तापवला, ठोकला, त्याला बाभळीचा दांडा बसवला आणि म्हणाले, "जा बेटा, पत्थर भी याद रखना तेरेकू." मला वाटलं, आता आपण देवळं, मशिदी बांधणार! कसलं काय. बहात्तरचा दुष्काळ पडला आणि मी अहमदपूरकडच्या एका सडकेच्या कामावर कोंडाबाईच्या हाती आलो.

कोंडाबाई बुद्धवाड्यातली, तीन लेकरांची आई. अंगानं काडी, पण जीभ धारदार. तिच्या टोळीत वीस बायका होत्या. दिवस मावळायला मुकादम शेषेराव बिनबुडाची लाकडी पेटी घेऊन यायचा आणि जिची तिची खडी त्यात भरून बघायचा. पेटी भरली तर हजेरी. नाही भरली तर उद्या तिच्या जागी दुसरी बाई. दुष्काळात दुसऱ्या बायकांना काय तोटा!

एके दिवशी बातमी आली, शनिवारी काम बंद होणार. आभाळात ढगाचा पत्ता नाही आणि काम बंद! बायका चवताळल्या. मंगळवारी सगळ्यांनी तालुक्याच्या कचेरीवर जायचं ठरलं.

मंगळवारी गेल्या फक्त तीन म्हाताऱ्या, ज्यांचं नाव हजेरीवर नव्हतंच. बाकी सगळ्या खाली मान घालून खडी फोडत होत्या. माझी कोंडाबाईसुद्धा. खोटं कशाला सांगू, मला तिची लाज वाटली.

म्हाताऱ्या परत आल्या. कचेरीतले साहेब त्यांना म्हणाले होते, "लोकांना खरंच अडचण असती तर लोक आले असते की."

हे ऐकून कोंडाबाईनं मला दगडावर असं हाणलं की माझा पहिला दांडा मोडला. "आपुन भ्यालो न्हाई गं," ती रडत म्हणाली. "सांजच्याला लेकरं काय खातील, म्हून बसलो. आन् साहेबाला वाटलं, समदं बरं हाय!" तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

शेजारच्या हुसेनबीनं डोळे पुसले. ती कमी बोलायची, पण बोलली की पक्कं बोलायची. "येका टोळीतून येकच जाईल," ती म्हणाली. "तिच्या वाटची खडी बाकीच्या फोडतील. हजेरी बुडायची न्हाई." हा निरोप सडकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टोळ्याटोळ्यांत गेला. आमच्या टोळीनं कोंडाबाईला निवडलं. तिच्या जिभेमुळे, दुसरं काय!

शुक्रवारी तांबडं फुटायला निघताना तिनं मला हुसेनबीच्या मांडीवर ठेवलं. "माजाच वापरा. तुमचे झिजवू नका."

त्या दिवशी मी एकोणीस जणींच्या हातांतून फिरलो. जिची तिची खडी होतीच. ती फोडता फोडता एकेक जण मला उचलायची. दानम्मा ओली बाळंतीण. सगळ्या नको नको म्हणत असताना तिनं लेकरू मांडीवरून उतरवलं आणि मला घेतलं. तिच्या तळहाताचे फोड फुटले, माझा नवा दांडा ओला झाला. इतकं चांगलं काम माझ्या हातून पुन्हा कधी झालं नाही.

दिवस मावळला. शेषेराव आला. "कोंडाबाई कुठं हाय?"

हुसेनबी म्हणाली, "मुकादम, ढीग मोजा."

पेटी भरली, वर दोन ओंजळी खडी उरली. शेषेरावानं दानम्माच्या हाताकडं पाहिलं. त्यालाही नोकरी होती, वर साहेब होता. तरी तो मोठ्यानं म्हणाला, "कोंडाबाई, हाजीर!" आणि पुढच्या टोळीकडं गेला.

थोड्या वेळानं कोंडाबाई आली, पाय सोलपटलेले. सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. साहेबांनी पुन्हा तेच विचारलं होतं, कामावर चारशे आणि इथं वीसच?

"म्या म्हनलं, साहेब, आमी वीस आलो, कारन बाकीच्या आमच्या वाटची खडी फोडून राहिल्यात. खोटं वाटत आसंल तर सडकंवर चला, ढीग मोजा." मग तिनं सांगितलं, "साहेब म्हनला बाप्पा, काम चालू ठेवतो."

पाऊस पडेपर्यंत ते काम चाललं.

दहा वर्षांनी लातूरचा नवा जिल्हा झाला. जिल्ह्याची कचेरी जवळ आली, पण तिथं जायचं तर मजुराची दिवसाची हजेरी बुडायचीच. रोजगार हमीच्या कामावर असताना वस्तीला हातपंप मागायला दानम्मा लातूरला निघाली. तेव्हा कोंडाबाईला नीट दिसतही नव्हतं. तिनं चाचपडत मला उचललं आणि दानम्माच्या ढिगापाशी बसली. "तू जा बाई. आज तुज्या वाटची म्या फोडते."

मित्रांनो, आता मी गंजलोय. तेलाचा हात फिरवलात तर बरं वाटेल. पण कधी एखाद्या मोर्चात माणसं थोडी दिसली, तर बाकीच्यांना काही पडलेली नाही असं म्हणू नका. मागं राहिलेल्यांच्या हातात काय आहे, ते बघून या. आणि जमलं तर घडीभर ते आपल्या हातात घ्या.