उघडी बादली

सासरे गेले आणि त्यांच्या टँकमधले पाच मासे माझ्या गळ्यात पडले. बघता बघता एकच उरला, पोट सुटलेला केशरी. सासरे त्याला साहेब म्हणायचे.

साहेब जगायलाच हवा होता. सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याशी हो-नाहीपुरतंच बोलत. बाकी सगळं टँकपुढे खुर्ची टाकून साहेबाशी. सून आगाऊ आहे, हेसुद्धा. "हा गेला की टँक देऊन टाकू," नवरा म्हणाला. मग त्या बोलणार कोणाशी, हे काही त्याने सांगितलं नाही.

माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. मासे एरवी ठणठणीत असत, पाणी बदललं की मलूल. आणि मी तर सासऱ्यांसारखंच करत होते: आदल्या दिवशी नळाचं पाणी बादलीत भरून ठेवायचं, टँकमधलं थोडं जुनं पाणी नळीने काढायचं आणि हे घालायचं. नळ तोच, बादली तीच. तरी साहेब वर येऊन तोंडाची उघडझाप करत राही, आणि माझ्या काळजात चर्र होई.

शेवटी मासेवाल्याकडे गेले. खायच्या माशांच्या नव्हे, पाळायच्या.

"नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, ताई. तो उडून जायला हवा. बादली दिवसभर उघडी ठेवता ना?"

"ठेवते की!"

"मग हे थेंब न्या. लगेच काम होतं."

"आमच्या सासऱ्यांना कधी लागले नाहीत ते."

"मग त्यांनाच विचारा," तो हसून म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. पण मी तणतणत बाहेर पडले.

घरी येऊन बादली भरली, मोरीशी ठेवली आणि कपड्यांच्या घड्या घालायच्या निमित्ताने तिथेच ठाण मांडलं. थोड्या वेळाने सासूबाई आल्या. बादली पाहून "च्च" केलं, मोठ्या डब्याचं झाकण आणलं आणि वर गच्च दाबून बसवलं. उघडं दार ओढून घ्यावं इतक्या सहज. संध्याकाळी डब्यासाठी झाकण हवं झालं तसं त्यांनीच ते काढून घेतलं. मी वाकून वास घेतला. पोहण्याच्या तलावावर येतो तसा भपकारा आला.

"आई, बादली का झाकली होतीत?"

"पाणी उघडं ठेवतात का कुठे? पाली फिरतात घरात."

"बाबांचीही झाकायचात?"

"त्यांची गच्चीवर असायची. हा गुडघा जाऊ देतो का मला तिथे?"

कोडं सुटलं! मला इतका आनंद झाला की तोंडावर दिसला असणार, कारण त्या लगेच म्हणाल्या, "का गं?"

सांगावं लागलं. क्लोरीन, उघडी बादली, सगळं. झाकण हातात धरून त्या ऐकत राहिल्या.

"म्हणजे ते चौघं..."

माझी जीभ एरवी तलवारीसारखी चालते. तेव्हा मात्र "आई, मला तरी कुठे माहीत होतं?" एवढंच म्हणाले.

त्या दिवशी त्या साहेबाशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. माझंच चुकलं असं मला वाटत राहिलं. खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं?

मग मी पुन्हा बादली भरली. सासूबाईंनी टँकपुढची खुर्ची उचलली, बादलीशेजारी आणून ठेवली आणि हातात वर्तमानपत्र घेऊन माशा वारत बसल्या.

"झाकत नाहीये," मलाच दटावलं. "नुसती राखतेय. उभी काय राहिलीस? बस."

बसले. आणि त्या बोलू लागल्या. सासरे पाण्याची बादली घेऊन गच्चीवर जाताना शीळ घालत, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून ते पाणी टँकमध्ये ओतलं आणि पाहत राहिलो. साहेब वर आला नाही. तळाशी गेला आणि खडे उकरू लागला. माझा जीव भांड्यात पडला. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. सोडायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि मीही आठवण केली नाही.