आबांच्या टाचा आणि अमेरिकन कवी

आबांच्या टाचांनी दोन चादरी फाडल्या, तेव्हा निधीनं त्यांना टब आणून दिला.

आबा म्हणजे माझे वडील. रत्नागिरीहून भर थंडीत जर्मनीत रेगेन्सबर्गला आमच्याकडे आले आणि हायझुंगच्या, म्हणजे घर तापवणाऱ्या हीटरच्या, कोरड्या हवेत त्यांच्या टाचांना अशा भेगा पडल्या, की नाणं उभं राहावं. मग रोज संध्याकाळी गरम पाण्यात हळद-मीठ, त्यात पाय, वजरीनं खरवडणं आणि शेवटी कोकमतेल. पाणी पिवळंधमक. वर आदल्या दिवशीच्या तेलाचा तवंग. खाली काय तरंगायचं ते सांगत नाही, तुम्ही जेवला नसाल अजून.

माझी बायको निधी पीएचडी करत होती, मर्विन टॅकर नावाच्या अमेरिकन कवीवर. हा माणूस आधी चित्र काढतो आणि मग त्या चित्रावर कविता लिहितो. निधीचं म्हणणं, त्याची पिवळी चित्रं जुन्या चिनी डोंगरांच्या चित्रांवरून आलीत. सगळा प्रबंध याच एका खुंटीला टांगलेला. तिच्या प्रोफेसर क्रेमरबाई म्हणाल्या, "टॅकर इथे वाचनाला येतोय. त्याच्या तोंडून एकदा 'हो' येऊ दे. नाहीतर प्रबंध पुढे जाणार नाही."

म्हणून दोघांना जेवायला बोलावलं.

टॅकरनं वरणात बोट बुडवून चाखलं आणि तेच बोट कोशिंबिरीत घातलं. निधीनं चिनी चित्रांचा विषय काढला.

"मी कुणाकडून काही घेत नाही," तो म्हणाला आणि माझ्या ताटातली पुरी उचलली.

मग बाथरूमला गेला, तो येईचना. निधी मला म्हणाली, "अरे जयंत, बघ ना जरा."

बेल वाजल्यावर आबा टब तिथेच सोडून उठले होते. टॅकर कमोडच्या झाकणावर बसलेला, मांडीवर जाड कागद, आणि ब्रश टबात. ब्रशचे केस फिसकटले की तो ब्रश तोंडात घालायचा, ओठांनी टोक काढायचा आणि पुन्हा टबात. पुन्हा तोंडात.

मी निधीला हाक मारली.

मागोमाग निधी आणि क्रेमरबाई आल्या. कागदावर पिवळा डोंगर, तेलाचं धुकं, आणि डोंगरावर खडबडीत काहीतरी चिकटलेलं.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" क्रेमरबाई ओरडल्या. "चिनी डोंगर!"

"हो, असतील," टॅकर ब्रश चोखत म्हणाला. "लहानपणी म्युझियममध्ये पाहायचो."

हो! निधीचे डोळे भरून आले. तेवढ्यात मागून आबा. "अगो निधी, माझं पायाचं पाणी ओतलंस की काय?"

"काय म्हणतायत?" टॅकरनं विचारलं.

"तुमचं... तुमचं स्वागत करतायत," निधी म्हणाली.

आबांनी टबात हात घालून वजरी काढली, स्टूल ओढलं आणि पाय पाण्यात सोडला.

टॅकरनं पायाकडे पाहिलं. मग ब्रशकडे. मग परत पायाकडे. मी बादली पुढे केली. पण हा पठ्ठ्या ओकला नाही! गुडघ्यांवर बसून त्यानं आबांची टाच दोन्ही हातांत घेतली.

"चीन-बीन सगळं खोटं," तो म्हणाला. "माझा डोंगर हा."

निधीनं भिंत धरली.

"आल्झो, तर मग," क्रेमरबाई म्हणाल्या, "चिनी प्रकरण काढून टाका. टाचांवर नवीन लिहा. अजून पाच-सहा चित्रं तरी लागतील."

तेव्हापासून टॅकर रोज संध्याकाळी ब्रश घेऊन हजर. ब्रश तोंडात गेला की आबा मान फिरवतात. "शी! मेल्याला कुणीतरी सांगा. भिजवून चाटायला मी काय आमसूल आहे?"

पण कोकमतेल आपलं काम करतच होतं, टाचा भरून यायला लागल्या. परवा टॅकरनं टबात डोकावून तोंड वाकडं केलं. पाणी नुसतंच पिवळं. डोंगर उठेना. म्हणाला, असंच असेल तर उद्यापासून येत नाही.

काल मी ऑफिसातून आलो तर निधी आबांच्या पायाशी बसलेली, मुठीत कोकमतेलाचा गोळा लपवून.

"आबा, अहो, थोडेच दिवस. नका ना तेल लावू."

आबांनी दोन्ही पाय सोफ्यावर ओढून घेतले. "आणि चादरी गो?"

"फाडा," निधी म्हणाली. "मी नवीन आणते. तुम्ही फाडा."