हजार डोळ्यांचा फोन

कारापूरच्या चंद्रावतीला आयुष्यात कुणी गोंधळात पाडलं नसेल तेवढं त्या फोनानं पाडलं. फोन तिचाच, जुना. कंपनीनं वाऱ्यावर सोडलेला. भाचा निहार साखळीहून आला आणि त्यानं आतलं सगळं पुसून नवीच यंत्रणा बसवली. फुकटची आणि मोकळी.

"मावशे, हाचो कोड सगळ्यांक उगडो," तो म्हणाला. "हजार लोक तो वाचतात. हजार डोळे आसतना चोर खंय लिपतलो?"

चंद्रावतीला पटलं. पण दुसऱ्याच दिवशी बँकेचं अ‍ॅप उघडेना. हा फोन सुरक्षित नाही, असं तोंडावर सांगून ते मोकळं झालं. तिनं निहारला विचारलं. तो म्हणाला, नवी यंत्रणा बसवायला फोनाचं मुळातलं कुलूप उघडावं लागतं. ते आता उघडंच राहणार, आणि बँकेला ते खपत नाही. पण कंपनीची तुझ्यावरची नजर सुटली, ते बघ ना.

"म्हणजे तो बरो काय वायट?"

"दोनूय, मावशे."

आता यातून माणसानं काय समजायचं? चंद्रावतीनं आपल्याला झेपेल तेवढं घेतलं: जास्त डोळे म्हणजे जास्त राखण. घराची चावी ती तशीही तुळशीमागच्या कोनाड्यात ठेवायची, आणि मागच्या खोलीत नवऱ्यासोबत भाड्यानं राहणाऱ्या रंजनाला ते ठाऊक होतं. रंजना गडहिंग्लजकडची, डिचोलीच्या कारखान्यात कामाला, स्वभावानं लाख मोलाची. मग फोन उघडायचा नंबरही चंद्रावतीनं तिला सांगून टाकला. पाववाल्या पदेरालाही सांगणार होती, पण तो घाईत होता.

त्याच फोनावर म्हापशाला दिलेल्या लेकीचा, सेजलचा मेसेज आला. मैत्रिणीच्या फोनावरून. "आई, तो रोज माझा फोन उघडून बघतो. कुणाशी बोलले, काय बोलले, सगळं. मी शनिवारी येते, परत जाणार नाही. तोवर कुणालाही कळू देऊ नकोस. त्याला सुगावा लागला तर मला घराबाहेर पडू देणार नाही."

चंद्रावतीनं मेसेज दोनदा वाचला. तिनं कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही, निहारजवळसुद्धा.

शनिवारी सेजल एक बॅग घेऊन आली. ती पायरीवर टेकते न टेकते तोच रंजना गरम उंडे पाव घेऊन हजर. "पदेराकडनं चार जास्तीचे घेतले. मधल्या खोलीतली गादी कालच उन्हात घातलीया. ताई, तुमी बिनघोर झोपा."

सेजलनं बॅग परत उचलली. "आई, तुवें सांगलें?"

"देवाशप्पथ ना गो!"

रंजनानं मान खाली घातली. "मावशीस्नी मंगळवारी ताप भरला हुता. निहारदादाला बोलवाय फोन उघडला, तर वरच तुमचा मेसेज. वाचाय नको हुता. पर वाचला. कुनाला बोलले न्हाई, आमच्या मालकांनासुदिक न्हाई."

तिच्यावर रागवावं की तिचे पाय धरावेत, चंद्रावतीला कळेना. रंजनाला नंबर ठाऊक नसता तर त्या तापात निहार आला नसता. आणि ठाऊक होता म्हणूनच लेकीची सुटका इतके दिवस दुसऱ्या बाईच्या जिभेवर टांगलेली होती. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही एकदम गळी उतरत नव्हतं.

मायलेकी आत आल्या आणि सेजलनं आईचा फोन उचलला. रंजना उंडे ठेवून ओसरीवर जाऊन बसली. मग सेजलनं तो आईच्या हातात दिला.

"नवो नंबर घाल. माका सांगूं नाका."

आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या संसारात, तिचा फोन तिचाच राहावा म्हणून, अशी पाठ कुणी कधी फिरवली नव्हती.

चंद्रावती फोनाकडे बघत बसली. उद्या पुन्हा ताप आला तर? नंबरच विसरला तर? निहार म्हणेल, दोनूय. शेवटी तिनं बोट टेकवलं आणि सवयीनं मोठ्यानं म्हणू लागली, "सात... दोन..."

"मावशी, मनात म्हना की!" ओसरीवरून रंजना कळवळून ओरडली. तिनं दोन्ही कान हातांनी घट्ट दाबून धरले होते.