गलबताची तहान

गणपतने कापसाची शेवटची वात दोन फळ्यांच्या सांध्यात बसवली, बोथट पटाशी तिच्यावर टेकवली आणि लाकडी मोगरीने हलकेच ठोकलं. आणखी एक ठोका द्यावा म्हणून हात उचलला होता, पण तो त्याने खाली घेतला. फार ठासलं की कापसाचा दगड होतो आणि दगडाला फुगता येत नाही, असं त्याचा बाप म्हणायचा.

"झालं का, गणपतराव?" खालून दत्तप्रसादने विचारलं.

"वाती झाल्या, साहेब."

"मग उतरा. शनिवारी तळाखाली शटरिंग लावायचंय. रविवारी काँक्रीट. एकदा काँक्रीटने कणा धरला की ही बया कुठे जात नाही."

गणपत शिडीवरून उतरला, पण खाली येऊनही त्याचा हात गलबताच्या पोटावरच राहिला. कुवेत शहरात, शर्कच्या किनाऱ्यावर, मासळी बाजाराच्या पलीकडे, जुन्या बंदराचं संग्रहालय उभं राहत होतं आणि त्याच्या अंगणात हे सागवानी गलबत लाकडी ठोकळ्यांवर तोललेलं होतं. दोन्ही टोकांना निमुळतं, मध्ये पोटुशी बाईसारखं भरलेलं. इराकी सैन्य आलं त्या वर्षी किनाऱ्यावरची बाकीची गलबतं जळून गेली. हे एका बाजूने काळं पडलं, आणि वाचलं.

"साहेब, पाणी पायजे होतं."

"प्यायला? तिकडे कूलर आहे की."

"मना नको. हिला."

दत्तप्रसाद पुण्याचा. इंजिनीयर झाल्यापासून त्याने पूल बांधले होते, इमारती बांधल्या होत्या असं तो म्हणे. गलबत मात्र त्याच्या आयुष्यात पहिलंच. त्याने हेल्मेट काढून डोकं खाजवलं.

"आमच्या जयगडच्या खाडीत," गणपत म्हणाला, "गलबत पाण्यात घालायच्या आधी त्याच्या पोटात पाणी भरत्यात. गुडघाभर. कुठं गळतं ते बाहेरून दिसतं. बायका कळशा घेऊन येतात. पाणी पाजायचं म्हनतात त्याला. आधी तिला पाज, मग तिला पाण्यात घाल."

"पण आपण हिला पाण्यात घालतच नाही आहोत."

 गणपत पटाशीला चिकटलेला कापूस नखाने काढत उभा राहिला.

उत्तर होतं, पण ते साहेबासमोर मांडण्यासारखं नव्हतं. होड्या बांधणाऱ्या सुताराचा मुलगा कुवेतला आला आणि शटरिंगचा सुतार झाला. फळ्यांचा साचा करायचा, आतून तेल पुसायचं म्हणजे काँक्रीट लाकडाला धरत नाही, काँक्रीट सुकलं की फळ्या सोडवायच्या आणि पुढच्या इमारतीकडे न्यायच्या. इमारत उभी राहते ती लाकूड निघून गेल्यावर. सुट्टीत गावी गेला की आई, गंगूबाई, फोटो हातात घेऊन विचारायची, यात तुझं काय रे? तो सांगायचा, माझं होतं, काढून टाकलं. मग दोघंही हसायची. पण हसून झाल्यावर आई फोटो उलटा ठेवायची.

हे गलबत राहणार होतं. आणि गेल्याच शुक्रवारी फोनवर त्याच्या धाकटीने, ताराने, विचारलं होतं, "बाबा, ते तरंगतं का?" त्याने 'व्हय' म्हणून टाकलं होतं.

"एक टँकर," शेवटी दत्तप्रसाद म्हणाला. "एकच. आणि हे ठोकळे हलले तर मी तुम्हाला ओळखत नाही."

टँकर दुसऱ्या दिवशी सकाळी आला. पाइप गलबताच्या पोटात सोडला. गणपत वर काठावर बसला, आणि पाणी आत पडू लागलं तसं त्याच्या ओठांवर आईची ओवी आपसूक आली. मोठ्याने नाही. मोगरीच्या ठोक्यांइतपत.

पयली माझी कळशी गं, सागाच्या लेकीला
तान भागव बाय, मग जा सासरी दर्याला

ओवी संपेपर्यंत खाली बोंब झाली. कुठल्या एका सांध्यातून नव्हे, सगळ्या सांध्यांतून पाणी गळत होतं. चाळणीत ओतावं तसं. दत्तप्रसादचे बूट भिजले, त्याच्या पँटवर काळ्या लाकडाचं पाणी उडालं.

"गणपतराव, काय हे? महिनाभर काय भरत होतात तुम्ही?"

"पितेय साहेब ती. सात-आठ वर्षं उन्हात उभी होती. लाकूड आकसलंय. आता पिऊन फुगेल."

"कधी फुगेल?"

"तिची तहान भागंल तवा."

"आणि तोपर्यंत पाणी?"

पाणी तोवर अंगणात पसरून मातीत मुरलं होतं. गणपतने आत उतरून पाहिलं. तळाशी वीतभर उरलं होतं, तेही जात होतं.

"दुसरा टँकर मी नाही मागवू शकत," दत्तप्रसाद म्हणाला. रागाने नव्हे, थकल्यासारखा. "कोरड्या जमिनीवरच्या होडीला पाणी पाजतोय, हे ऑफिसात कुणाला सांगू? उद्या-परवा सुट्टी आहे. शनिवारी शटरिंग. बास."

तो गेला. गणपतने पोती गोळा केली, उरलेल्या पाण्यात भिजवली आणि बाहेरून सांध्यांवर थापू लागला. तापलेल्या पोराच्या कपाळावर घड्या ठेवाव्यात तसा.

संध्याकाळच्या आधी नेहमीप्रमाणे पांढरी गाडी आली. गाडी चालवायचा बदरुद्दीन, दाभोळचा. मागे बसायचा यूसुफ, पंचाहत्तरीचा, डोळ्यांत सायीसारखा मोतीबिंदू. जुना नोखदा. "म्हणजे आपला नाखवा," बदरुद्दीनने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. म्हातारा याच गलबतावर पोरवयात चढला आणि याच्यावरच नाखवा झाला. काम सुरू झाल्यापासून रोज यायचा, घडीच्या खुर्चीत बसायचा, मोगरीचे ठोके ऐकायचा आणि मगरिबच्या नमाजाआधी जायचा.

"आज सिग्नलला किती वेळ थांबलात?" गणपतने विचारलं.

"दोनदा हिरवा झाला," बदरुद्दीन म्हणाला. "मागचे हॉर्न मारून मारून दमले. पण म्हातारा म्हनतो, थांब, घर आलं."

यूसुफचं मातीचं घर किनाऱ्याशी होतं. पुढे शहर मोठं झालं, ती घरं पाडली, माणसं दूर सबाह अल-सालेमला राहायला गेली. घराच्या जागी आता रस्ता होता आणि उंबऱ्याच्या जागी सिग्नल.

म्हाताऱ्याच्या पायाला ओल लागली. तो खुर्चीत बसलाच नाही. हात पुढे करून गलबताजवळ गेला, ओलं पोतं चाचपलं, खालून ठिबकणारा थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

"पानी," तो हिंदीत म्हणाला. मुंबई आणि मलबारच्या फेऱ्यांतून उरलेले काही शब्द त्याच्याकडे होते. मग अरबीत बरंच काही.

"इचारतोय, आतून आलं का बाहेरून?" बदरुद्दीन म्हणाला.

"आतून. पाजत होतो. पन टँकर एकच मिळाला. अर्ध्या तहानेवर ठेवली बघ बिचारीला."

बदरुद्दीनने ते सांगितलं. सांगताना हातांनी कळशी ओतल्यासारखं केलं. म्हातारा ऐकत राहिला. मग गलबताच्या पोटावर तळवा ठेवून, त्याच्याशीच बोलल्यासारखा, सावकाश बोलला. गणपत बदरुद्दीनकडे वळला.

"काय म्हनतो?"

"म्हनतो, माझ्या लहानपणी या गावात गोडं पाणी नव्हतं. बसऱ्याच्या नदीतनं यायचं, अशाच गलबतांच्या पोटातनं. सगळं गाव हिच्या पोटातलं पाणी प्यालंय." बदरुद्दीनने म्हाताऱ्याकडे एकदा पाहिलं. "म्हनतो, आता एकदा गावानं हिला पाजायला काय हरकत?"

गणपतने पोतं हातातून खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं.

गुरुवारी सुट्टीच्या दिवशी, उन्हं वर यायच्या आत, सुलैबियाच्या विहिरींवरून यूसुफने मागवलेला टँकर आला. मचूळ पाण्याचा, झाडांना घालतात तसा. त्याच्या मागे पांढरी गाडी. आणि तिच्या मागे, कुणी बोलावलं नसताना, टी-शर्टातला दत्तप्रसाद.

"मी इथे नाहीये," तो गणपतला म्हणाला. "फक्त ठोकळे बघायला आलोय."

यूसुफने या पाण्याचीही चव घेतली आणि तोंड वाकडं केलं.

"म्हनतो, ना नदी ना समिंदर. पन उपाशी मानसानं चवीत काय बघायचं."

पाणी चढलं. पुन्हा सांध्यांतून गळू लागलं, पण कालच्यासारखं नाही. धारा होत्या, त्यांचे दोरे झाले. दुपारपर्यंत दोऱ्यांचे मणी झाले. गणपत खाली आडवा पडून एकेक मणी बघत होता आणि जिथे राहवत नव्हतं तिथे नवी वात भरत होता. दत्तप्रसाद ठोकळे बघून झाल्यावरही गेला नाही. त्याने कुठूनतरी खबूसच्या रोट्या आणि तळलेले मासे आणले. चौघांनी गलबताच्या सावलीत बसून खाल्ले.

"माझी आजी हंडा नवा आणला की रात्रभर भरून ठेवायची," दत्तप्रसाद काटा काढत म्हणाला. "मातीचा. पहिलं पाणी त्याचं, म्हणायची."

"तेच हाय हे," गणपत म्हणाला.

शुक्रवारी सकाळी त्याने गलबताखालची जमीन पाहिली. कोरडी होती. कण्याच्या खाली हात घातला, कोरडाच बाहेर आला. आत गुडघाभर पाणी स्वस्थ उभं होतं आणि त्यात आभाळाचा एक तुकडा पडला होता. यूसुफला हे सांगायची गरज पडली नाही. तो आला, खुर्ची कण्याला टेकून लावली, बराच वेळ कान देऊन बसला आणि ठिबकण्याचा आवाज येत नाही म्हटल्यावर तिथेच झोपी गेला.

त्या दिवशी फोनवर तारा म्हणाली, "बाबा, मी बाईंना सांगितलं, माझे बाबा होडी करतात. त्या म्हणाल्या, कुठल्या बंदरात सोडणार?"

"सोडायची नाय गो. अंगणात ठेवणार. लोकांनी बघायला."

"पण तरंगली असती?"

"व्हय," गणपत म्हणाला. या वेळी खरं होतं, म्हणून आवाज जरा हळू आला.

शनिवारी पाणी सोडून दिलं. ते पाणी पाइपने नव्याने लावलेल्या खजुरांना गेलं. मग गणपतने त्याचं रोजचं काम काढलं. प्लायच्या फळ्या कापल्या, कण्याच्या दोन्ही अंगांना खांद्याइतक्या अंतरावर उभ्या केल्या, पाचरी मारल्या. उद्या या साच्यात काँक्रीट ओतलं जाणार आणि गलबताचा कणा त्यात हातभर बुडणार. शटरिंग तेलाचा डबा उघडून त्याने फळ्यांना आतून तेल पुसायला घेतलं. लांब, सावकाश ब्रश. उजवी बाजू झाली. डावी झाली.

ब्रश थांबला नाही.

यूसुफ आपल्या खुर्चीत होता आणि बदरुद्दीन पांढऱ्या गाडीला टेकून बघत होता. जवळ आला, वाकला.

"गणपतदा, फळ्या संपल्या."

"व्हय."

"तेल त्या फळ्यांना लावत्यात ना? निघून याव्यात म्हणून?"

"त्यांनाच."

"हा गलबताचा कणा हाय."

"डोळे हायत मना, बदरूभाय." गणपतने ब्रश डब्यात बुडवला, काठाला निथळला. "सासरी धाडताना लेकीला तेल लावत नाय?"

बदरुद्दीन सरळ झाला. मग त्याने म्हाताऱ्याच्या कानाशी लागून अरबीत काहीतरी सांगितलं. यूसुफने मान वळवली नाही. फक्त खुर्ची ओढून थोडी आणखी पुढे घेतली, तेलाचा वास येतो तिथे.

उन्हं कलती झाली तेव्हा दत्तप्रसाद शटरिंग तपासायला आला. पाचरी हलवून पाहिल्या. फीत लावून मापं घेतली. मग उकिडवा बसला आणि कण्यावरून एक बोट फिरवलं. बोट चमकलं. ते त्याने अंगठ्यावर घासलं, वर गलबताच्या भरल्या पोटाकडे पाहिलं आणि रुमाल काढून सावकाश पुसलं.

"उद्या सातला मिक्सर येतोय," तो म्हणाला.

"व्हय, साहेब."

तो चार पावलं गेला. किनाऱ्यावर भरती चढत होती, दगडांवर पाणी आपटल्याचा आवाज अंगणापर्यंत येत होता. तो वळला.

"मागच्या टोकापर्यंत पोचलं का तेल? स्टोअरमध्ये अजून एक डबा आहे."

बदरुद्दीन तोवर स्टोअरकडे चालू लागला होता.