पर्चीवरचा शब्द

"क्या बोल रही है ये?" डॉक्टर यादवांनी विचारलं, आणि कोकिळा उत्तर द्यायची थांबली.

बुधवारा पेठेतल्या या दवाखान्यात ती आया. डॉक्टर भिंडकडचे, हिंदीवाले, बाया खेड्यापाड्यांतल्या, आणि मधे कोकिळा. बावीस वर्षं, तीन डॉक्टर बदलले तरी, बायांची दुखणी हिंदीत करून द्यायची तीच. कंबर धरली, अंगावर जातंय, सगळ्याला तिच्याकडे शब्द तयार. कोंडमारा म्हटलं की 'घबराहट'. बाई गोळ्या घेऊन घरी, डॉक्टर मोकळे.

आज समोर तुकईथड गावची पूनम होती. लग्नाला वर्ष झालेलं. शेजारी सासू चंद्रभागा, सुनेचा फोन मुठीत धरून. पूनम खाली बघत एवढंच म्हणाली होती, "मावशी, मले कोंडमारा होते."

"झोपेची गोळी द्या तिले," चंद्रभागा म्हणाली. "रातभर जागते."

कोकिळाला राग आला, पण आधी स्वतःचाच. किती जणींना आपण असं झोपवून पाठवलं, देव जाणे.

"साहब, घबराहट मत लिखो. कोंडमारा लिखो."

"मतलब तो वही हुआ ना?"

"नाही साहब. कोंडना मतलब बंद करना, और मारना तो मारना. दोनों मिलके ये शब्द बना. घबराहट अपने आप होती है. कोंडमारे को कोई कोंडनेवाला लगता है."

चंद्रभागा उसळली. "आया आहेस, आयासारखी राह्य. उद्या कामावरून काढून टाकायले लावीन तुले."

"लावा ना," कोकिळा म्हणाली. "उद्याचं उद्या. आज हिचं ऐकू द्या."

डॉक्टरांनी क्षणभर पूनमकडे पाहिलं. मग औषधाची पर्ची पुढे ओढली. "कैसे लिखते हैं?"

कोकिळाने एकेक अक्षर सांगितलं. 'तकलीफ'च्या रकान्यात शब्द उतरला.

"माताजी, आप बाहर बैठिए," डॉक्टर म्हणाले.

"अन् तिचा फोन तिले देऊन जा," कोकिळाने जोडलं. ते डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं.

चंद्रभागेने फोन टेबलावर आपटला. कोकिळा तिच्या मागोमाग बाहेर आली, दार नुसतं लोटलं आणि दारापुढे स्टूल टाकून बसली. चंद्रभागा दोनदा उठली, दोनदा परत बसली.

आतून पूनमचा आवाज आला, मोडक्यातोडक्या हिंदीत, अडखळत, पण थांबत नव्हता.

हिंदी करून द्यायला आता हाक येईल म्हणून कोकिळाने कान देऊन ठेवले होते. कोणी तिला आत बोलावलं नाही.