एप्रनची झाली पिशवी

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या दाराला जो खिळा आहे, त्याला अडकवलेली मी एक जुनी पिशवी आहे. पिशवी म्हणून तशी मी नवीच, पण माझं कापड जुनं. आधी मी एप्रन होतो, मग पिशवी झाले. आधी 'तो' होतो, आता 'ती' आहे. व्याकरणाचं तुम्ही आणि तुमच्या बाई काय ते बघून घ्या. घरी येणारे-जाणारे मला हातात घेतात, उलटसुलट करून बघतात आणि म्हणतात, किती छान कल्पना. ते असं म्हणाले की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का होतं, ते आज सांगून टाकते.

माझा जन्म ट्रकवर घालायच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एका शिंप्याकडे झाला. जन्म कसला, मी उरलेला तुकडा होतो. त्या शिंप्याचं टेबल डगमगत होतं, म्हणून एक सुतार तिथे आला होता. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. टेबलाचा पाय बसवता बसवता मिस्त्रींची नजर कोपऱ्यात पडलेल्या माझ्यावर गेली. शिंप्याने मजुरीच्या बदल्यात मला तिथल्या तिथे शिवून दिलं. गळ्यात अडकवायला पट्टा, कमरेला बांधायला बंद, पुढे मोठा खिसा आणि त्याला लागून पेन्सिलीपुरता एक अरुंद खिसा. उरलेल्या कापडातून वस्तू करायची म्हणजे काहीतरी मोठं काम, असं तेव्हा कुणाला वाटत नसे. कापड होतं, गरज होती, शिवलं.

पुढची कित्येक वर्षं मी मिस्त्रींच्या पोटाला बिलगून होतो. त्यांनी रंधा मारला की लाकडाच्या कुरळ्या साली माझ्यावर येऊन बसत. सरसाचे डाग तर इतके पडले, की हा एप्रन खुंटीवाचून उभा राहील अशी गिऱ्हाइकं थट्टा करत. मी दारं पाहिली, पाळणे पाहिले, शाळेची बाकं पाहिली. संध्याकाळी काम संपलं की मिस्त्री मला अंगणात नेऊन झटकत, दोन्ही हातांनी सारखं करत आणि मगच अडकवत. मला त्यांनी कधी जमिनीवर फेकलं नाही. मला फार ऐट होती, मित्रांनो. आज ते आठवलं तरी मान खाली जाते.

आता मिस्त्रींच्या बोलण्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच झाला. मिस्त्रींना वाक्य पूर्ण करायचा कंटाळा. अर्धं लाकडाशी बोलायचं आणि अर्धं माणसांशी. त्यातही एका शब्दावर त्यांचा भारी जीव. फळ्या वाळायला ठेवल्या की म्हणायचे, टाकल्यात. चहा हवा असला की विचारायचे, टाकलाय का. करवत धार लावायला दिली की, टाकलीय. कुणाकडे एखाद्या गरजूसाठी रदबदली केली की, शब्द टाकलाय. काय टाकलंय आणि कुठे टाकलंय, हे ज्याचं त्याने ओळखायचं. घरच्यांना सवय झाली होती. निदान सगळ्यांना तसं वाटत होतं.

एकदा मिस्त्री शिडीवरून पडले आणि त्यांचा उजवा खांदा मोडला. हाड जुळून आलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. मुलगा म्हणाला, बाबा, आता पुष्कळ झालं, आराम करा. लेक सासरहून फोन करून तेच म्हणाली. सूनही तेच म्हणाली. सगळे मायेने म्हणत होते, म्हणून मिस्त्रींना उलट बोलता येईना. मला दारामागच्या खुंटीवर अडकवलं गेलं. दार उघडलं की मी भिंत आणि दार यांच्यामध्ये चेपला जाई. माझ्यावर धूळ बसली. मोठ्या खिशाची शिवण कोपऱ्यातून सुटली होती, ती तशीच लोंबत राहिली.

पण मिस्त्री गप्प बसणारे नव्हते. घरातले कामाला गेले की ते बाल्कनीत पाण्याची बादली उचलायचे आणि खाली ठेवायचे. आधी रिकामी, मग अर्धी, मग भरलेली. पुढे त्यांनी मला खुंटीवरून काढलं, गळ्यात घातलं आणि एका जुन्या फळीवर रंधा मारून पाहिला. पहिली साल तुटकी निघाली. काही दिवसांनी लांब, अखंड साल निघाली, तेव्हा ते स्वतःशीच हसले. मग एका फर्निचर कारखान्याच्या मालकाकडे त्यांनी शब्द टाकला. मालक म्हणाला, सण झाला की या, खुर्च्यांचं मोठं काम आहे. घरी मात्र ते बोलले नाहीत. आधी कामाला लागू आणि मग सांगू, असं त्यांच्या मनात होतं.

इकडे सुनेच्या डोक्यात सणाच्या भेटवस्तूंचं घोळत होतं. ती एका वाचनालयात काम करायची. मागच्या सणानंतर तिने इमारतीच्या कचराकुंडीपाशी चमचमत्या कागदांचा, थर्माकोलचा आणि प्लास्टिकच्या खोक्यांचा ढीग पाहिला होता. त्यातलं निम्मं आपल्याच घरून आलेलं आहे, हे पाहून तिला चैन पडेना. तिने ठरवलं, यंदा विकतचं काही आणायचं नाही. घरातल्या जुन्या कापडांतून भेटी करायच्या आणि ज्याला जे उपयोगी पडेल, तेच द्यायचं. तिने खरोखर विचार केला होता. इमारतीचा वॉचमन दिवसभर लोखंडी खुर्चीवर बसतो, म्हणून त्याला मऊ गादी. नणंदेच्या तान्ह्या बाळाला जुन्या मऊ चादरीचं दुपटं. वाचनालयातल्या मैत्रिणीला डब्याची पिशवी. बांधायला जुनं वर्तमानपत्र आणि सुतळी. तिने घरात सांगून ठेवलं, ज्याला जे टाकायचं असेल, त्याने ते माझ्या शिलाई मशीनवर आणून ठेवावं.

हे तिने सांगितलं तेव्हा मिस्त्री बाल्कनीत होते. त्यांच्या कानावर ते पडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला घडी घालून मशीनवर ठेवलं. कामावर जायचं तर खिसा शिवून घ्यायला हवा, नाहीतर खिळे गळायचे. सून स्वयंपाकघरात होती, मिक्सर चालू होता. मिस्त्री दारातून म्हणाले, "एप्रन टाकलाय गं."

"बरं, बाबा," ती म्हणाली.

झालं. तेवढंच बोलणं झालं. मी दोघांच्या मध्ये, मशीनवर पडलेला होतो. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला माहीत होतं आणि तिला काय ऐकू आलं तेही माझ्यापर्यंत पोचलं. पण कापडाला तोंड नसतं.

सुट्टीचा दिवस होता. दुपारी मिस्त्री बाहेर गेल्यावर तिने कात्री घेतली. मला उचलून क्षणभर ती थांबली आणि नवऱ्याला म्हणाली की बाबांनी स्वतःहून एप्रन टाकला, बरं झालं, मनाने मोकळे झाले असतील. मग तिने माझा गळ्याचा पट्टा कापला, कमरेचे बंद कापले, मला मधोमध दुमडलं आणि त्याच बंदांचे खांद्याला अडकवायला पट्टे लावले. सरसाचे डाग मागच्या बाजूला गेले. खिसा तिने बाहेरच ठेवला, शोभेसाठी. त्याची सुटलेली शिवण तिच्या लक्षात आली, तीही तिने दुहेरी धाग्याने पक्की करून टाकली. फार सुबक शिवण होती ती. माझी पिशवी करायला तिला संध्याकाळ झाली आणि ती सगळा वेळ गुणगुणत होती. खिसा शिवून झाला की ती एप्रन देईलच, म्हणून मिस्त्रींनी सणापर्यंत विचारलंही नाही.

सणाच्या दिवशी घर भरलेलं होतं. एकेक भेट उघडली जात होती आणि कौतुक होत होतं. नणंदेचं बाळ दुपट्यात गुंडाळलं गेलं आणि लगेच झोपलंही. सगळ्यांत शेवटी सुनेने मला मिस्त्रींच्या हातात ठेवलं. तिचा चेहरा फुलला होता.

"तुमच्याच एप्रनची आहे, बाबा. टाकाऊतून टिकाऊ."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी मला हातात धरून फिरवलं. त्यांचा अंगठा खिशाच्या कोपऱ्यावरून गेला, एकदा आणि मग पुन्हा एकदा.

"खिसा चांगला शिवलास," ते म्हणाले.

लोक हसले. एवढ्या मोठ्या भेटीत यांना खिसाच दिसला, असं कुणीतरी म्हणालं. मी मात्र त्यांच्या हातात होते, म्हणून मला कळलं. 'टाकाऊ' हा शब्द त्यांनी माझ्यापुरता घेतला नव्हता, तो स्वतःवर घेतला होता. घरातले सगळे आराम करा म्हणत होते, ते आज सुनेने कापून, शिवून, सुतळी बांधून सांगितलं, असं त्यांना वाटलं. मित्रांनो, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तेव्हा मला वाटलं. पण पिशवीला तीही सोय नाही.

सण संपला. मिस्त्री कारखान्यात गेले नाहीत. रोज सकाळी मला खांद्याला अडकवून ते भाजी आणायला जाऊ लागले. भेट मिळालीय तर वापरायला हवी, अशी त्यांची सरळ रीत. बाजारात भाजीवाली मला चाचपून म्हणायची, काय दणकट पिशवी आहे हो, सुनेनं शिवली? नशीबवान आहात. ते मान डोलवायचे. माझ्या पोटात बटाटे, खिशात मिरच्या. त्या खिशात खिळे असायचे, हे त्यांना माहीत होतं आणि मला. मी शरमेने चूर व्हायचे आणि लोकांना वाटायचं, ओझ्याने लोंबतेय.

असे काही दिवस गेले. एक दिवस मिस्त्री फोन घरीच विसरून फिरायला गेले आणि मागे फोन वाजला. सुनेने उचलला. कारखान्याचा मालक होता. मिस्त्री का आले नाहीत, खांदा पुन्हा धरला की काय, असं तो विचारत होता. एप्रनचा खिसा सुनेकडून शिवून घेतो आणि सणानंतर लगेच येतो, असं मिस्त्री म्हणाले होते, हेही त्याने सांगितलं. सुनेने फोन ठेवला आणि दाराच्या खिळ्याकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. तिने मला काढून मांडीवर घेतलं आणि खिशाच्या कोपऱ्यातली स्वतःची दुहेरी शिवण बघत बसली. तिचे कान लाल झाले होते.

मिस्त्री आले तेव्हा ती तशीच बसली होती.

"बाबा, तो एप्रन तुम्ही टाकला होतात ना?"

"हो. टाकला होता."

"म्हणजे टाकून दिला होतात?"

"छे. तुझ्या मशीनवर टाकला होता. शिवायला."

तिला वर बघवेना. खिशाची शिवण चाचपत तिने विचारलं, "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"एवढ्या आनंदानं दिलीस. चारचौघांत काय बोलणार? शिवाय मला वाटलं, तू बरोबरच सांगतेयस."

"मी काय सांगत होते?"

"की आता भाजी आणावी."

ती रडली. माझं चुकलं, बाबा, असं तिने म्हटलं. मिस्त्री खाली बघत म्हणाले की तुझं एकटीचं नाही, मीच मेला अर्धं बोलतो. दोघंही एकमेकांकडे न बघता माझ्याकडे बघत होती. माझ्यावर इतकी नजर कधीच कुणाची नव्हती आणि इतकी लाजही मला कधी वाटली नव्हती.

मग सून उठली आणि आपला जाड कापडाचा लांब कोट घेऊन आली. याचा नवा एप्रन शिवते म्हणाली. मिस्त्रींनी तो तिच्या हातातून घेऊन परत कपाटात ठेवला. तुझ्या वापरातलं कापायचं नाही, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन कारखान्यात गेली. चूक आपली होती, मिस्त्रींची नव्हती, हे तिने मालकाला कामगारांसमोर सांगितलं. सांगताना तिने माझे पट्टे मुठीत घट्ट पिळले होते. मालक भला होता, पण खुर्च्यांचं काम त्याने दुसऱ्याला देऊन टाकलं होतं. ते आता परत येणार नव्हतं. दुरुस्तीची किरकोळ कामं आहेत, ती चालतील का विचारा, असं तो म्हणाला. सोफ्याच्या कापडाचा एक जाड तुकडा उरला होता, तो तिने मागून घेतला आणि माझ्यात घालून घरी आणला.

तो तुकडा तिने जमिनीवर पसरला, खडू घेतला आणि मिस्त्रींना समोर बसवलं. प्रत्येक रेघेला ती विचारत होती. गळा इथे? खिसा एवढा? कात्री हातात घेतल्यावरही तिने विचारलं, "कापू, बाबा?"

मिस्त्रींनी खडूची एक रेघ पुसून बोटभर खाली ओढली. नीट पाहिलं. आणि त्यांच्या सवयीपेक्षा चांगलं दुप्पट लांब वाक्य बोलले, "आता इथून सरळ काप, पोरी, आणि खिसा मात्र दुहेरी धाग्यानं शिव."

आता ते रोज दुरुस्तीच्या कामाला जातात. मोडक्या स्टुलांना पाय लावतात, कुरकुरणारी कपाटं गप्प करतात. खुर्च्यांचं ते काम दुसऱ्याच्या हाताने पार पडलं आणि त्या खुर्च्या विकल्याही गेल्या. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. मी भाजी आणते. पाहुणे माझं कौतुक करतात, तेव्हा सून दुसऱ्या खोलीत निघून जाते. मला तर जाताही येत नाही.

मित्रांनो, सणाला भेट द्याल तेव्हा चमचमता कागद नको, प्लास्टिक नको, हे मीही सांगेन. सुनेचं ते मुळीच चुकलं नव्हतं. वॉचमनची गादी आणि बाळाचं दुपटं आजही वापरात आहेत. जुन्यातून नवं जरूर करा. पण ज्याचं ते जुनं आहे, तो माणूस घरातच असतो. त्याला विचारा, तुम्ही हे टाकलंय ना? तो हो म्हणेल. तरी कात्री लगेच उचलू नका. आणखी एकच शब्द विचारा, कुठे?